माशी कुठे शिंकली

आमच्या तळघरात माश्या पुष्कळ.
ऑक्टोबरात तर नुसता हात हलवला तरी दहा उडतात.
त्यातली नेमकी कोणती शिंकते
ते शोधायचं काम माझ्याकडे आलं,
कारण रीगाच्या व्यापाऱ्याने या खेपेच्या पत्रात
एकच शब्द लिहिला होता : कधी?

मी शाळेतली असते तशी वही घेतली
आणि सहा हजार बाटल्यांमागून चालत सुटले,
शेळीमागून पोर चालते तशी,
काखेतीपासून पोतीच्या बंदरापर्यंत.
माल हलला की टिंब.
थांबला की रेघ.
एकतीस दिवसांत टिंबं निघाली चार.

गंमत अशी, की हीच वाइन
जमिनीत पुरलेल्या रांजणात सहा महिने बसून होती
तेव्हा तिला कुणी उशीर म्हटलं नाही.

लेबलं आम्ही बाटल्या भरल्यावर छापायला टाकायचो.
आता रांजणाचं झाकण निघतं त्याच दिवशी टाकतो.
तिबिलिसीच्या प्रयोगशाळेत मझेविनार म्हणाली,
अर्जात साडेबारा टक्के, लेबलावर तेरा,
बाई, तुमची अर्ध्या टक्क्याची थट्टा
यंत्राला कळत नाही.
तेही सरळ केलं.
ट्रकवाला गोदेर्जी रिकोतीच्या घाटाखाली
सासूकडे जेवायला थांबतो, दोन तास.
ती रेघ मी वहीत घेतलीच नाही.

सगळ्यात लांब रेघ आमच्याच जिन्यावरची.
अकरा दिवस.
बातोनो ओतियांचं टेबल.
त्यांची सही झाल्याशिवाय कागद हलत नाही,
नियम त्यांचाच, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला
तो बदला म्हणणार कोण?
म्हातारा ताठ आहे, खालची पोरं म्हणतात.
मालक म्हणाले, सहीचं काम दुसऱ्याला देऊन टाक.

मंगळवारी मी वर गेले. पेला पुढे केला.
त्यांनी नुसता वास घेतला :
सातवा रांजण, उताराकडच्या वेली.
बरोबर.
मग कागद दिला.
तो त्यांनी खिडकीकडे धरला, लांब, मग जवळ,
"ठेव, सावकाश वाचतो," म्हणाले.
कागद उलटा होता.

दर दुसऱ्या गुरुवारी तेलावीहून त्यांची भाची येते,
चीज घेऊन, आणि दार लावून घेते.
इतके दिवस आम्ही समजत होतो, घरगुती काही असेल.

बुधवारी सात वाजता पुन्हा वर गेले.
म्हटलं, चष्मा नवा केलाय,
आकडे नीट दिसतात का कळत नाही,
मी मोठ्याने वाचते, तुम्ही जरा बघाल?
ते बराच वेळ माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले.
"वाच," म्हणाले.

आम्लता पाच पूर्णांक आठ.
साखर दोन.
गंधक बेचाळीस.
"थांब. बेचाळीस?
या वाइनला नाही. चोवीस असेल. खाली विचारून ये."
खाली विचारलं. चोवीसच.
टंकताना आकडे उलटे पडलेले.

आता रोज सकाळी सात ते सव्वासात.
शेवटी मी कागदावरची माशी उडवल्यासारखं करते
आणि ओळीवर बोट टेकवून ठेवते.
बोटाला लागून त्यांचं पेन उतरतं,
सही अजून झोकदार आहे.

एकतीसचे सतरा झाले.
रीगाहून उत्तर आलं, या वेळी चांगलं चार ओळींचं.
मालकांनी हिशोबाच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं,
मग काय, माशी शिंकली कुठे होती?
बातोनो ओतिया कोपऱ्यात पेला फिरवत उभे.
फिरवायचे थांबले.

लेबलांमध्ये, मी म्हटलं.
वही पेन्सिलीत लिहिली होती ते एक बरं झालं.