पाव फेरा

गुनवोर एडीनने कॅसेट आणली ती लोकरी मोज्यात घालून.
बाहेर उणे एकोणीस.
म्हटलं, आज नाही लावायची. रात्रभर इथंच राहू दे,
गारठलेली फीत ड्रमवर गेली की दव धरते, चिकटते.
ती म्हणाली, सत्तावीस वर्षं थांबलेय,
एका रात्रीचं काय.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता, म्हणजे अंधार पडल्यावर,
लावली.
ऑगस्ट. अंगण. लांब टेबल.
माणसं गळ्यापर्यंत स्वच्छ
आणि गळ्याच्या वर मुंग्या.

(या खरखरीला इथं शेलेफ्टिओत मुंग्यांचं युद्ध म्हणतात.
बर्फ कुणी म्हणत नाही,
तो आम्हाला दाराबाहेर पुरतो.)

आधी विचारायचं, दोष कुणाचा.
पांढरे ओरखडे चमकून जात असते
तर म्हटलं असतं, फितीचा लेप झडलाय.
सगळंच धूसर असतं तर हेड मळलंय:
स्पिरिट, मऊ कातडं, आणि आडवंच पुसायचं,
उभा हात फिरवलास की गेलं, असं मला शिकवणारा
तोर्ग्नी स्वतः एकदा उभा पुसून बसला होता.
पण हे तसलं नाही.
ट्रॅकिंगचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं,
मुंग्या जागच्या हलेनात.
दुसऱ्या यंत्रातही त्याच, तेवढ्याच.
माझी तपासणीची कॅसेट मात्र काचेसारखी.

यंत्र बरोबर. फीत बरोबर.

"कॅमेरा कधी पडला होता?"
गुनवोर जरा थांबली.
"धक्क्यावर. बोटीतून उतरताना.
बाबा म्हणाले, काही झालं नाही."

आणि खरंच काही झालं नव्हतं, त्यांच्यापुरतं.
त्या दिवसापासून रागनवाल्ड एडीनने जे टिपलं ते तिरकं टिपलं,
आणि त्याच तिरक्या कॅमेऱ्यातून पाहिलं.
घरात सगळं सरळच दिसत राहिलं.
मग कॅमेरा भंगारात गेला,
मग बाबा.

बावीस वर्षं मी हे यंत्र ओळंब्यात ठेवलंय.
डाव्या खुंटीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, परतीची खूण.
स्क्रूड्रायव्हर लावला.
थोडं. अजून थोडं. नाही, फार झालं.
पाव फेरा आणि वर किंचित.

मुंग्या कपाळांवरून केसांत चढल्या,
केसांतून मागच्या बर्चांत,
आणि चौकटीबाहेर निघून गेल्या.

नऊ माणसं. आठांनी नाक चिमटीत धरलेलं.
टेबलाच्या मधोमध आंबवलेल्या हेरिंगचा डबा, नुकताच फोडलेला.
"ती कडेची," गुनवोर म्हणाली,
"बटाटे सोलणारी. नाक न धरलेली.
आई."
आणि पुढे काहीच बोलली नाही,
फक्त तिनं स्वतःचं नाक धरलं.

ती गेल्यावर खुंटी ठिपक्यावर आणली.
वहीत लिहिलं: एडीन, डावी, पाव फेरा आणि वर किंचित.
घरी असे अजून अकरा मोजे आहेत,
दारातून सांगून गेली.