दंडाची वही

मोसमच्या बंधाऱ्यावरून आमचा पाट निघतो,
चार फड भिजवतो,
उरलेलं पाणी मुकाट नदीला परत देतो.
त्याची वही माझ्याकडे आहे.
आधी वडिलांकडे होती, त्याआधी त्र्यंबकअण्णांकडे,
ज्यांच्या पानांवर शाईपेक्षा तपकीर जास्त.

सन अठ्ठावन्न. रात्री मोघा फोडला. दंड सव्वा रुपया, नारळ एक.
सन त्रेसष्ट. गाळ काढायला आला नाही. दंड दोन रुपये.
सन एकाहत्तर. म्हैस पाटात बसवली. मालकास दंड.
शेजारी कुणीतरी पेन्सिलीनं : म्हशीस समज दिली.

दंडाचे पैसे आम्ही बँकेत नेत नाही.
दसऱ्यानंतर गाळ निघतो, त्या दिवशी
बंधाऱ्यावर बट्ट्या भाजतात, वरणात मिरची जास्त पडते,
आणि ज्याच्या पैशाचं तूप असतं
तोही पंगतीत बसतो.
त्याला वाढताना कुणी हात आखडत नाही.

नाशिकहून एक मुलगी आली होती, प्रश्नांचे कागद घेऊन.
म्हणाली, काका, दंड नसता तर लोक आले असते का?
मी म्हणालो, छे.
ती लिहून घेऊन साडेपाचच्या एसटीनं गेली.

रात्री सहज वही चाळली.
वरचा फड : समज दिली. समज दिली. समज दिली.
खालचा फड : दंड. दंड. दंड, मागील बाकीसह.
अर्ध्या पानांवर अक्षर वडिलांचं,
पुढं माझं.
गेल्या वैशाखात धर्मराजनं, माझ्या चुलतभावानं,
दोन रात्री पाणी वळवलं होतं.
त्याच्या नावापुढं मी काय लिहिलं
ते मला न बघताही आठवत होतं.
त्या दसऱ्याला खालच्या फडातून
चाळीसच्या जागी अकरा घमेली आली.
बाकीचे कुठं, विचारलं,
तर एक जण खाली बघून म्हणाला,
आम्हाला बी समज आली.

भिलाटीतल्या सुपडूचं नाव वहीत कुठंच नाही.
तीस वर्षं त्यानं हा पाट उपसला, रोजानं.
जमीन नाही म्हणून बारी नाही,
बारी नाही म्हणून चोरी नाही,
चोरी नाही म्हणून दंड नाही.
एवढा स्वच्छ माणूस, आणि वहीला त्याचा पत्ता नाही.

मग त्याच्या सुनेनं, वंताबाईनं,
शेवटच्या फडात वीस गुंठे घेतले.
चैत्रात, तिच्या बारीच्या आदल्या रात्री,
मोघ्याची फळी सरकवताना सापडली.
पंच बसले. सगळ्यात मोठा आवाज धर्मराजचा.
कुणी म्हणालं, पोलिसात द्या.
कुणी म्हणालं, हाकला, यांना पाणी दिलंच कशाला.
देवाजीबाबा खोकत होते, ते थांबून म्हणाले,
परक्याला हाकलतात.
ही पाटाची असेल तर वहीत लिही.

मी लिहिलं. रुपये दोनशे.
तिनं पदराच्या गाठीतून मोजून दिले,
आणि उठली नाही.
पावती द्या, म्हणाली.
मी पावती फाडली.
ती म्हणाली, धर्मराजभाऊनी बी फाडा.

पाटाचं पाणी इतकं बोलतं हे मला माहीत नव्हतं.
मी मागचं पान काढलं.
'समज' या शब्दावर रेघ मारायची होती,
पेन चालेना, दोनदा झटकलं.

धर्मराजनं अजून भरलेले नाहीत.
दर महिन्याला मी त्याच्या ओट्यावर जातो,
चहा घेतो, वही उघडी ठेवतो.
तो पावसाचं बोलतो, कांद्याचं बोलतो.
मी वही मिटत नाही.

यंदा गाळाचं सांगायला भिलाटीत गेलो.
वंताबाईच्या भिंतीवर, रेशनकार्डाच्या शेजारी,
प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला :
दंडाची पावती.
सुपडूला वाचता येत नाही.
त्यानं बोट बरोबर नावावर ठेवलं,
मग आडनावावर,
मग कोपऱ्यातलं घमेलं उचललं
आणि माझ्याआधी निघाला.