उतारा

एकतीस हंगाम मी प्रयोगशाळेत काढले,
चिकोडी रस्त्याच्या कारखान्यात.
रसाचा थेंब काचेवर, डोळा भिंगाला,
मग हिशेब, आणि वहीत आकडा: उतारा.
सव्वाअकरा म्हणजे बरं.
बारावर गेला की चेअरमन जिना चढून यायचे,
हातात पेढ्यांचा पुडा.

आता मुल्लांची तसनीम
माझ्या बोटाला सुई टोचते.
दोनशे चौदा, उपाशीपोटी.
पेढे कुणीच आणत नाही.
"काका," म्हणाली, "तुमचं गणित उलटं करा.
इथं उतारा पडला की हंगाम चांगला."

गोळी आहेच. पण खरा कारभार बाळव्वाकडं.
ती मूळची गोकाककडची,
लग्नात करदंटाचे डबे घेऊन आली होती.
तिनं भाताचं पातेलं वरच्या फळीवर चढवलं,
जोंधळ्याची भाकरी थापते, कागदासारखी,
सोबत हुलग्याची उसळ, कच्ची मेथी,
कारळ्याच्या चटणीचा ढीग.
दोन झाल्या, माझा हात टोपलीकडं गेला,
की सारा संसार मराठीत बोललेली ही बाई
एकच शब्द माहेरचा काढते:
साकु.

पुरे म्हणाली असती तर मी भांडलो असतो.
पुरेला माझ्याकडं उत्तरं आहेत,
आईशी घासून तयार केलेली.
साकुला एकही नाही.

निपाणीत भाचीचं लग्न होतं.
आचाऱ्यानं मांडा हातावर झुलवला,
उपड्या मडक्यावर धोतरासारखा पसरला,
आतल्या पिठीसाखरेचा वास
मी भिंगाशिवाय वाचला.
एक कोपरा मोडला. तळहाताएवढा.
खोटं कशाला बोलू, दोन कोपरे.
मग वरातीच्या मागं बसस्टँडपर्यंत चालत गेलो,
आणि परत.

रात्री उसाचे ट्रॅक्टर जातात,
मळीचा वास खिडकीतून आत शिरतो.
पोटातलं काहीतरी जुनं
अजून भोंग्याबरोबर जागं होतं.
मी पाणी पितो. पडून राहतो.

काल तीन महिने झाले.
कारखान्याच्या जुन्या वहीत शेवटचं पान कोरं होतं,
त्यावर, उताऱ्याच्याच रकान्यात,
लिहिलं: एकशे अडतीस.

"एष्टु?" तिनं चुलीपासूनच विचारलं.
सांगितलं.
ती काही बोलली नाही.
तिसरी भाकरी मधोमध मोडली,
अर्धी माझ्या ताटात टाकली,
न मागता.