पत्रा

पाचव्या दिवशी नळ येतो आमच्या विडी घरकुलात,
कधी पहाटे तीनला, कधी साडेचारला,
आणि त्या दिवशी श्रीलताची शाळा बुडते.
हजेरीत सर कारण लिहितात : घरगुती.
एवढ्याशा शब्दात अकरा घागरी, दोन पिंपं
आणि अम्माची कंबर बसवलीय त्यांनी.

मी सातवीतच बसले सुपापुढे.
कुणी मारून बसवलं नाही.
बाई मराठीत विचारायच्या, मला उत्तर तेलुगूत यायचं,
ते वळवून ओठावर आणेस्तोवर तास संपायचा.
सुपाला भाषा लागत नाही.
पान, तंबाखू, दोरा. पान, तंबाखू, दोरा.
छाट जास्त निघाली की इरण्णा चेकर जे बोलतो
ते कुठल्याही भाषेत कळतं.

श्रीलता दहावीला आहे.
शाळेतून आली की तिच्या वाट्याला दोनशे.
अम्मा म्हणते, एवढं वर्ष, मग बास.
भिवंडीचं स्थळ आहे, मुलाचे स्वतःचे दोन माग,
त्यांना दहावी चालते, त्यापुढची नको.
(नापास जास्त चालेल, असं मला वाटतं. बोलले नाही.)

गेल्या सोमवारी तिनं कंपासपेटीतली पट्टी काढली
आणि माझ्या हातातला पत्रा ओढून घेतला.
ज्याच्या मापानं आम्ही पान कातरतो तो,
कारखान्यानं दिवाळीत बदलून दिलेला.
जुना कपाटाच्या पायाखाली होता, तोही काढला.
दोन्ही मोजले. पुन्हा मोजले.
वहीच्या मागच्या पानावर काहीतरी गुणलं,
मग म्हणाली,
नवा लांबीला तीन, रुंदीला दोन मिलिमीटर जास्त आहे, अक्का.
म्हणून पान पुरत नाही.
म्हणून अम्मा दर आठवड्याला पदरचं पान घेती.
तू वाया घालवत नव्हतीस.

अम्मानं सूप खाली ठेवलं.
दिवाळीपासून ती मला उधळी म्हणत होती.

मंगळवारी ती पट्टी गल्लीभर फिरली,
बायका पत्रे घेऊन ओट्यावर रांगेत,
जणू डोस पाजायला पोरं आणलीत.
बुधवारी इरण्णा हसत म्हणाला,
नरसव्वा, पोरगी लई शिकायलीय वाटतं.
अम्मा विड्यांचे कट्टे मोजत होती.
शिकायलीय, म्हणाली, आणि मोजतच राहिली.

पत्रा अजून बदललेला नाही.
भिवंडीचे पाहुणे रविवारी यायचेत, तेही आहेच.

आज पहाटे नळानं फुसफुस केली.
अम्मानं मला उठवलं, तिला नाही.
विसरली असेल.

घागरी भरता भरता मी तेच घोळवत होते :
माझ्याही हातात होता की तो पत्रा,
रोज, हजार वेळा.
मला कधी मोजावासा वाटला नाही.
नाही, खोटं.
वाटला होता एकदा.
पट्टी नव्हती.