तांबडं पाणी

रात्री पावणेतीनला वॉर्डातून रक्त आलं.
सोबतच्या कागदावर: फिंटन मॅकगव्हर्न, एकसष्ट, शेतकरी,
ताप चाळीसच्या वर, डोळे हळदीसारखे,
आणि लघवीच्या रकान्यात नर्सने आधी काहीतरी खोडून
मग लिहिलेलं, कोरा चहा, फार उकळलेला.

यंत्राने तोवर निकाल देऊनही टाकला होता.
संशय मलेरिया.
आणि स्लायगोच्या या लॅबमध्ये मलेरिया म्हटलं
की माना माझ्याकडे वळतात,
जणू तो माझ्या माहेरचा कुणी आहे.
आहेच म्हणा.
इबादानला अकरा वर्षं दिवसाला साठ-साठ काचा वाचल्या मी,
एकदा तर माझ्याच लेकाची, नाव न बघता.

काच रंगवली. धुतली. तेलाचा थेंब सोडून
भिंग इतकं खाली आणलं की श्वाससुद्धा बाजूला करावा.
तांबड्या पेशींच्या आत अंगठ्या होत्या, खूप होत्या,
शंभरात सव्वीस.
तरी काहीतरी खुपत होतं.
मलेरिया जिथे जेवतो तिथे राख सांडतो,
तपकिरी, चिमूटभर, पण सांडतोच.
हे कोण, सगळं घर खाऊन निघतंय
आणि चूल लख्ख?

फोन लावला. हा माणूस कुठे कुठे जाऊन आलाय?
कुठेच नाही, तरुण डॉक्टर म्हणाला,
एकदा डब्लिनला, सामना बघायला. तोही हरले.
मागे एका बाईचा आवाज येत होता, थांबत नव्हता.
कोण ती? बायको. काय म्हणतेय?
काही नाही, ओमोलारा, गुरांचं काहीतरी.
तिच्याकडे दे, म्हटलं.

अट्रॅक्टा तिचं नाव.
"पोरी, मी संध्याकाळपासून सांगतेय.
मे महिन्यात आमच्या दोन कालवडी अशाच मुतल्या.
तांबडं पाणी म्हणतात त्याला. लव्हाळ्यातली गोचीड.
माझ्या सासऱ्यांना नुसत्या फेसावरून कळायचं."
माणसांना ते होत नाही, असं तिला तिघांनी सांगितलं होतं.
मी विचारलं, पोटावर कुठे शिवण आहे त्यांच्या?
"आहे की. नव्वद साली ट्रॅक्टर उलटला, प्लीहा काढली.
का, कुणी लिहून नाही घेतलं?"

नव्हतं घेतलं. तो रकानाच नव्हता.

पुन्हा भिंगाला डोळा लावला
आणि ती तिथेच होती, मघापासून,
पेशीच्या अगदी काठाला लागून,
दोन-दोन, नासपतीच्या आकाराची, टोकाला टोक,
दगडी बांधावर बसून
वेगवेगळ्या दिशांना बघणाऱ्या दोन पोरांसारखी.
यांना मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं,
गुरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात,
परीक्षेला न येणाऱ्या पानावर.

बबेसिया.
मोठ्या डॉक्टरांना झोपेतून उठवलं.
त्यांनी स्पेलिंग विचारलं, मग गप्प झाले,
मग भराभर बोलले: रक्त बदलायचं,
क्लिंडामायसिन, आणि क्विनीन.
क्विनीन! तीच ती कडू,
जिच्या नावाने मी लहानपणी खाटेखाली लपायचे.

अहवालावर खूण करायला चार चौकटी असतात,
चारही मलेरियाच्या. पाचवी, इतर.
तिथे नाव लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात:
प्रथम निदान, पत्नी.
हे नियमात बसत नाही.
अजून कुणी खोडलेलं नाही.

दुपारी शंभरात अकरा.
याहून जास्त मला कुणी विचारू नये.
अट्रॅक्टा खिडकीशी उभी राहून
शेजाऱ्याला फोनवर सांगत होती,
खालच्या कुरणातून गुरं काढ, आणि घरी गेलास की
अंग झाडून घे रे, मोजे बघ, गुडघ्यामागे बघ.
मी ड्यूटी संपूनही गेले नव्हते.
ऐकता ऐकता माझाच हात
माझ्या गुडघ्यामागे गेला.