मिनिटाला बारा थेंब

एव्हर्टने किल्ल्या दिल्या, बुचाच्या गोळ्याला बांधलेल्या,
पाण्यात पडल्याच तर तरंगाव्यात म्हणून.
बोट तरंगेल की नाही, ते तो बोलला नाही.
एकोणीसशे चौतीसची. महोगनीची. दोन सिलिंडरांचं इंजिन,
जे, त्याच्या म्हणण्यानुसार, गुरुवारी रुसतं.
मी हसले. तो हसला नाही.

तीस वर्षं मी स्ट्रेंगनेसमध्ये कवळ्या घडवल्या.
कीड कुठवर गेलीय ते मला टोचणीच्या टोकाला कळतं.
तशीच टोचत गेले एकेक फासळी, फेब्रुवारीत, शेडमध्ये,
दिव्याच्या उजेडात स्वतःच्याच श्वासाची वाफ बघत.
चांगला ओक टोचणीला नाही म्हणतो.
सडका लगेच हो म्हणतो.
सहावी, सातवी, डावीकडची अकरावी:
हो, हो, हो.

वाफेच्या पेटीत तासभर शिजवायची नवी पट्टी,
मग हातात जेमतेम अर्धं मिनिट.
तेवढ्यात वाकली तर फासळी, नाहीतर सरपण.
दोन मोडल्या. तिसरी मोडली तेव्हा मी जे ओरडले
ते शेजारच्या बोटीवरच्या हेल्मरने
अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एव्हर्ट शनिवारी यायचा, थर्मास घेऊन,
एकोणनव्वदाव्या वर्षी शिडी चढून.
उजव्या तर्जनीचं एक पेर नाही त्याला.
फ्लायव्हीलने नेलं, सत्तावन साली.
बोटीला बोट दिलं, म्हणाला, हिशेब मिटला.
आणि उरलेल्या बोटाने दाखवलं:
इथून शाफ्ट बाहेर पाण्यात जातो. इथलं पॅकिंग फार आवळू नकोस.
शाफ्ट फिरताना मिनिटाला बारा थेंब आत आलेच पाहिजेत.
लोकांना वाटतं, अगदी कोरडं म्हणजे चांगलं.
कोरडं जळतं.

लॉकरच्या दाराला आतून पेन्सिलीचं अक्षर.
जुलै एकसष्ट. प्लग बदलले. सिगब्रिट तापाने झोपून.
ऑगस्ट एकसष्ट. पंपाचं रबर.
मे बासष्ट. प्लग.
मे त्रेसष्ट. प्लग.
त्यानंतर कुठेही सिगब्रिट नाही,
फक्त तेल, तेल, गॅस्केट, तेल,
आणि एका वर्षी, तारखेशिवाय: चालवली नाही.
मी सगळं दार घासलं, सात हात वॉर्निश दिलं.
आतली बाजू सोडून.

मंगळवारी क्रेनने तिला मेलारेनच्या पाण्यात ठेवलं
आणि ती सगळ्या सांध्यांतून गळू लागली.
हिवाळाभर तहानलेलं लाकूड, हेल्मर म्हणाला, पिऊ दे.
पिऊ दे म्हणणं सोपं असतं.
मी रात्रभर पंपाशी बसले, घोंगडी गुंडाळून,
इंजिनाच्या पायथ्याशी पाणी चढताना बॅटरीने बघत,
तीन बोटं, चार बोटं, पुन्हा तीन.
मेमधली ती अर्धवट रात्र, काळी व्हायची विसरलेली,
पलीकडच्या बेटावर कुणाचा तरी कुत्रा,
आणि फळ्या आतल्या आत फुगत, एकमेकींना खेटत,
ऐकू येत नव्हतं काही, पण पंपाची पाळी
दहा मिनिटांवरून वीसवर गेली, मग तासावर.
पहाटे मी त्या पाण्यात ब्रेड बुडवला चुकून
आणि खाल्ला.

गुरुवारी इंजिन रुसलं.
एव्हर्ट धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता,
सांगितलं नव्हतं का, अशा चेहऱ्याने, चक्क खूश.

शुक्रवारी ठक्. ठक्. मग ठकठकठक,
धुराची एक निळी गाठ, आणि धक्का मागे सरकू लागला.
मी झाकण उघडलं, घड्याळ धरलं, मोजलं.
किती? त्याने काठावरून ओरडून विचारलं.
बारा! मी ओरडले.

मग लॉकरचं दार उघडून,
त्याच्या अक्षराखाली दोन बोटं जागा सोडून, लिहिलं:
चौदा. आवळलं नाही.