उत्तरेची खिडकी, ग्रिम्सबी

फ्लॅश बंद.
दोन पावलं मागे सरून झूम पुढे ओढला,
जवळून काढला तर नाकच मोठं येतं
आणि नेव्हिलचं मुळातच कमी नाही.

उजेड ताकाच्या निवळीसारखा.
डावा गाल अंधारात, म्हणून
त्याची लेक ट्रेसी उभी,
बेकिंगच्या ट्रेला चंदेरी कागद गुंडाळून.
"अजून वर. नाही, तिरका."

हस म्हटलं की तो दात लपवतो.
शेवटी विचारलं,
हॅडॉकचे काटे कसे काढायचे?
चाळीस वर्षं गोदीत राबलेले हात
हवेतच सुरी चालवू लागले,
हनुवटी आपसूक वर आली.

तेव्हा दाबलं.

कॅमेरा तोच, खिशातला,
बॅटरीच्या झाकणाला रबरबँड लावलेला.
इवल्या पडद्यावर वाकून ट्रेसी म्हणाली,
"हे कधीपासून असे दिसतात?"
नेव्हिल चष्मा शोधत होता.